फोटोची साक्ष : वाफेच्या गाड्या आणि खेड्यातली स्टेशने

इतिहासाच्या पुस्तकात फोटो आला की आपण बहुधा त्याखालची ओळ वाचतो आणि पान उलटतो. ताम्रपट खरा की बनावट, बखरीतल्या मजकुरावर कितपत विश्वास ठेवावा, हे प्रश्न वर्गात निघतात. फोटोची उलटतपासणी मात्र सहसा कोणी करत नाही. कॅमेऱ्यासमोर जे होते तेच त्याने टिपले असणार, मग शंका कसली, अशी आपली समजूत असते.

ही समजूत तपासून पाहायला एक फार चांगले उदाहरण आहे. ते आहे अमेरिकेतल्या एका रेल्वेचे, तिच्या खेड्यापाड्यांतल्या स्टेशनांचे आणि त्यांचे फोटो काढण्यासाठी पाच वर्षे पदरमोड करणाऱ्या एका माणसाचे. त्याचे नाव ओगल विन्स्टन लिंक. त्याने काढलेले कितीतरी फोटो अगदी नाटकाच्या प्रवेशासारखे रचलेले होते. माणसे कुठे उभी राहतील, उजेड कुठून पडेल, हे सारे त्याने आधी ठरवले होते. तरीही वाफेच्या रेल्वेचा शेवट कसा होता हे जाणून घ्यायचे तर आज याच फोटोंकडे जावे लागते. रचलेला फोटो पुरावा ठरू शकतो का? ठरत असेल तर कशाचा?

इंजिनिअर झालेला फोटोग्राफर

लिंकचा जन्म १६ डिसेंबर १९१४ रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात झाला. त्याचे वडील न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये सुतारकाम शिकवत. मुलांनी हाताने काही करावे याची त्यांना आवड होती आणि फोटोग्राफीची गोडीही मुलाला त्यांनीच लावली. १९३७ साली लिंक स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडला, पण नोकरी मिळाली ती जाहिरात आणि प्रसिद्धीच्या कामात फोटो काढण्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने एका प्रयोगशाळेत फोटोग्राफर म्हणून काम केले. विमानातून पाणबुड्या शोधण्याच्या उपकरणावर तिथे संशोधन चालू होते. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा स्टुडिओ थाटला. कारखान्यांची आणि यंत्रांची जाहिरातीसाठी छायाचित्रे काढणे हा त्याचा व्यवसाय झाला.

पुढचे समजून घ्यायला हा तपशील महत्त्वाचा आहे. जाहिरातीच्या फोटोत योगायोगाला जागा नसते. वस्तू कुठे ठेवायची, सावली कुठे पडू द्यायची, हे सगळे ठरवूनच करायचे असते. लिंकचा हात या कामात घडलेला होता आणि डोके इंजिनिअरचे होते.

जानेवारी १९५५ मध्ये एका कंपनीच्या वातानुकूलन यंत्रांचे फोटो काढण्यासाठी तो व्हर्जिनिया राज्यातल्या स्टँटन गावी गेला. जवळच वेन्सबरोला ‘नॉरफोक अँड वेस्टर्न’ या रेल्वेचे स्टेशन होते. तिथे अजून वाफेची इंजिने धावतात हे त्याला ठाऊक होते. एका संध्याकाळी काम आटोपून तो तिथे गेला. त्या स्टेशनावर त्याने २१ जानेवारीच्या रात्री या मालिकेतला पहिला फोटो काढला. मग त्याने कंपनीला पत्र लिहून रेल्वेच्या हद्दीत फोटो काढण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने डिझेल इंजिने आणण्याचा आपला पहिला निर्णय जाहीर केला. आपल्या हातात वेळ थोडा आहे हे लिंकच्या ध्यानात आले.

वाफ इथेच का टिकली?

१९५५ पर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या रेल्वे कंपन्या डिझेलकडे वळल्या होत्या. मग हीच एक कंपनी मागे का राहिली? ती जुनाट होती म्हणून नव्हे. तिचा मुख्य धंदाच कोळसा वाहण्याचा होता. ॲपलाचियन डोंगरांतल्या खाणींचा कोळसा ती समुद्रकाठच्या नॉरफोक बंदरापर्यंत पोचवत असे. इंधन दारातच होते. ज्यांच्या मालावर आपण जगतो त्या खाणवाल्यांचे इंधन टाकून तेल जाळणे कंपनीला परवडण्यासारखे वाटत नव्हते. शिवाय रोआनोक या गावी तिचा स्वतःचा कारखाना होता आणि तिथे तयार होणारी इंजिने उत्तम समजली जात. याच कारखान्यातून डिसेंबर १९५३ मध्ये बाहेर पडलेले शंटिंगचे इंजिन हे अमेरिकेत देशातल्या वापरासाठी बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन मानतात.

पण एकटी कंपनी प्रवाहाविरुद्ध किती काळ टिकणार? बाकीच्यांनी वाफ सोडल्यावर इंजिनाचे सुटे भाग बनवणारे कारखाने बंद पडू लागले. जो भाग पूर्वी बाजारात मिळे तो स्वतः घडवावा लागे. मजुरीही वाढत होती. मे १९६० मध्ये या रेल्वेवरची वाफेची नियमित वाहतूक थांबली.

या बदलाचा खेड्यातल्या स्टेशनाशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी लागते, कोळसा लागतो, राख झाडावी लागते, तेलपाणी करावे लागते. त्यामुळे मार्गावर जागोजागी पाण्याच्या टाक्या, कोळशाचे धक्के आणि ते सांभाळणारी माणसे असत. इंजिनाच्या भुकेवर छोट्या गावांची वस्ती पोसली जात होती. डिझेल इंजिन एकदा टाकी भरली की शेकडो किलोमीटर जाते. त्याला वाटेत थांबण्याचे कारण उरत नाही. त्यातच मोटारी आणि पक्के रस्ते आले, गावातला माल ट्रकने जाऊ लागला. म्हणजे इंजिन बदलले तेव्हा रुळांच्या कडेने उभी राहिलेली एक राहणीही बदलली. लिंकला नेमकी हीच गोष्ट टिपायची होती. त्याच्या फोटोत नुसते इंजिन क्वचित दिसते. इंजिनाजवळ घर असते, दुकान असते, कंदील हातात घेतलेला माणूस असतो.

रात्र का निवडली?

दिवसा सूर्य आपल्याला हवा तिथे नसतो आणि रूळ हलवता येत नाहीत, अशी लिंकची तक्रार होती. मग उजेडच आपण सोबत न्यायचा! रात्री सगळे अंधारात असते. आपण जिथे प्रकाश टाकू तेवढेच दिसते, नको ते आपोआप झाकले जाते.

वाफेसाठीही रात्रच सोयीची. खरी वाफ दिसत नाही, हे आपण मुलांना किटलीच्या तोटीशी दाखवतो. तोटीला लागून थोडी मोकळी जागा दिसते आणि त्यापुढे पांढरा ढग सुरू होतो. तो ढग म्हणजे थंड हवेत वाफेचे संघनन होऊन बनलेले पाण्याचे बारीक थेंब. हे थेंब सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, म्हणून ते पांढरे दिसतात. दिवसा उजळ आकाशासमोर इंजिनाचा धूर आणि हा ढग मिसळून करडा, मळकट दिसतो. रात्री काळ्या आकाशासमोर त्याच ढगावर बाजूने प्रकाश टाकला तर तो कापसासारखा उजळून निघतो. लिंकच्या फोटोंतली ती पांढरीशुभ्र वाफ या साध्या तत्त्वावर उभी आहे.

आता अडचण पहा. धावती गाडी फोटोत स्पष्ट यायची तर कॅमेऱ्याचे झाकण फार थोडा वेळ उघडे राहायला हवे. समजा गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. शंभरांश सेकंदात ती १७ सेंटिमीटर सरकते. कॅमेरा ३० मीटरवर आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर १५ सेंटिमीटर आहे, असे धरू. मग फिल्मवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या सुमारे २०० व्या भागाइतकी होते आणि १७ सेंटिमीटरचे सरकणे फिल्मवर जवळजवळ ०.८ मिलिमीटर दिसते. चार पटींनी मोठी छपाई केली की ही पुसट कड तीन मिलिमीटरच्या पुढे जाते. (गाडी कॅमेऱ्याच्या दिशेने येत असेल तर सरकणे कमी जाणवते. लिंकच्या अनेक फोटोंत गाडी तिरकी समोर येताना दिसते, याचे एक कारण हेही असू शकेल.) इतक्या कमी वेळात फिल्मवर पुरेसा प्रकाश पडायचा तर प्रकाश अतिशय प्रखर हवा.

त्या काळी यासाठी फ्लॅशचे बल्ब वापरत. काचेच्या फुग्यात ऑक्सिजन आणि धातूची अगदी बारीक तार किंवा वर्ख भरलेला असे. विजेने ठिणगी पडली की तो धातू क्षणात जळून लख्ख प्रकाश पडे. एक बल्ब एकदाच चाले, नंतर तो फेकून द्यायचा. दुसरे असे की प्रकाशाला व्यस्त वर्गाचा नियम लागू आहे. ३ मीटरवर जितका प्रकाश पडतो त्याच्या शंभरावा भागच ३० मीटरवर पोचतो. म्हणून एकाच जागी कितीही मोठा दिवा लावून भागत नाही. त्याने जवळचे झुडूप पांढरेफटक होईल आणि मागची गाडी अंधारात राहील. लिंकने त्यावर उपाय म्हणून दृश्यभर दिवे पसरले. काही घराच्या आडोशाला, काही रुळांच्या पलीकडे, काही झाडामागे. एकेका फोटोसाठी कधी चाळीसहून अधिक बल्ब लागत आणि तारांचे जाळे अंथरण्यात फार वेळ जाई.

हे बल्ब त्याने एकसर जोडणीत जोडले. घरातले दिवे आपण समांतर जोडतो, एक गेला तरी बाकीचे चालावेत म्हणून. मग लिंकने उलट का केले? विचार करा. समांतर जोडणीत एक तार सुटली तर तेवढा कोपरा अंधारात राहून बाकीचे सगळे बल्ब पेटतील. फोटो वाया आणि बल्बही वाया! एकसर जोडणीत एक जोड तुटला तर काहीच पेटणार नाही. गाडी निघून जाईल, पण बल्ब वाचतील. शिवाय अगदी क्षीण प्रवाह सोडून मंडल अखंड आहे की नाही हे गाडी येण्याआधी तपासता येते. इतके बल्ब एकसर जोडले तर विद्युतदाबही जास्त लागतो. त्यासाठी लिंकने कंडेन्सरमध्ये विद्युतप्रभार साठवून तो एकदम सोडणारे उपकरण स्वतः तयार केले होते. तो कॅमेराही मोठ्या आकाराचा वापरे. त्याची फिल्म चार बाय पाच इंचांची असे. गाडी येईपर्यंत दृश्य जवळजवळ काळोखात असे. फोटो कसा येईल हे त्याला आधी डोक्यातच पाहावे लागे.

लिथिया या खेड्यातला त्याचा एक फोटो या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. घराच्या बैठकीच्या खोलीत एक बाई बसली आहे. खिडकीतून एक मुलगा हात हलवतो आहे आणि बाहेर, अगदी खिडकीला लागून वाटावी इतक्या जवळून, गाडी चालली आहे. खोलीतला आणि बाहेरचा प्रकाश तंतोतंत जुळवल्याशिवाय हा फोटो निघालाच नसता. पाहणाऱ्याला मात्र त्यात दिवे दिसत नाहीत. त्याला दिसते ते रुळांच्या कडेला राहणारे घर.

एक लहान फाटा, एक लहान स्टेशन

मुख्य मार्गापासून दूर, व्हर्जिनियातल्या एबिंग्डनहून नॉर्थ कॅरोलायनातल्या वेस्ट जेफरसनला जाणारा एक फाटा होता. लांबी साधारण ५५ मैल, म्हणजे ८९ किलोमीटर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातले लाकूड खाली आणण्यासाठी हा लोहमार्ग वाढवत नेला गेला. शंभराहून अधिक पूल, सारखी वळणे आणि अवघड चढ. व्हाइट टॉप हे त्यावरचे सर्वांत उंच स्टेशन ३,५७७ फुटांवर, म्हणजे सुमारे १,०९० मीटर उंचीवर होते. गाडी इतकी सावकाश चढे की लोकांनी तिला ‘व्हर्जिनिया क्रीपर’ असे नाव दिले. क्रीपर म्हणजे सरपटत जाणारी वेल. लाकूड संपत आले, धंदा आटला, तरी मालाचे डबे आणि प्रवाशांचा डबा एकत्र ओढणारी मिश्र गाडी चालत राहिली. तिची इंजिने १९०६-०७ च्या सुमारास बांधलेली, पन्नाशीला आलेली होती.

या फाट्यावर ग्रीन कोव्ह नावाचे लाकडी स्टेशन होते. स्टेशन, पोस्ट आणि किराणा दुकान, सगळे एकाच इमारतीत. १९५६ मध्ये लिंकने तिथे दिवसाच्या उजेडात काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. स्टेशनाशी घोडीची गाडी उभी आहे, समोरून इंजिन येते आहे आणि घोडीने मान खाली घातली आहे. लिंकने फोटोला नाव दिले, ‘मॉड व्हर्जिनिया क्रीपरला नमस्कार करते’ अशा अर्थाचे. मॉड हे त्या घोडीचे नाव.

गंमत म्हणजे घोड्याच्या गाडीचा धंदा एके काळी रेल्वेनेच कमी केला होता. इथे ती दोन्ही वाहने शेजारीशेजारी उभी आहेत आणि दोघांचेही दिवस भरत आले आहेत. गाडी कुठे उभी करायची हे फोटोग्राफर ठरवू शकतो. घोडीने मान केव्हा खाली घालावी हे कोणाच्या हातात नसते.

पुढे काय झाले? फाट्यावरची वाफ १९५७ मध्ये संपली आणि १९७७ मध्ये तो मार्गच बंद झाला. रूळ उचलले गेले. व्हर्जिनियातल्या भागाची पायी आणि सायकलने जाण्याची वाट झाली आणि ग्रीन कोव्हची इमारत जपण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाच्या पुराने या वाटेच्या डोंगरातल्या भागाचे आणि तिथल्या जुन्या पुलांचे मोठे नुकसान केले. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे फोटो अशा वेळी आणखी मोलाचे होतात. पूल कसा होता, रूळ कुठून वळत होता, हे ते सांगतात. घोडीचा नमस्कार पाहून हसलेल्या प्रेक्षकाला त्याची गरज नव्हती. आता पूल शोधणाऱ्याला आहे.

कानांनी ऐकायचा पुरावा

लिंकने नुसते फोटो काढले नाहीत. जड ध्वनिमुद्रक गाडीत घालून तो गाड्यांचे आवाजही टिपत असे. पुढे त्याच्या लाँगप्ले तबकड्या निघाल्या. २४ डिसेंबर १९५७ च्या रात्री, नाताळच्या आदल्या दिवशी, रूरल रिट्रीट या लहान गावाच्या स्टेशनावर त्याने एक ध्वनिमुद्रण केले. गावातल्या चर्चच्या घंटांतून नाताळचे गीत वाजते आहे. लांबून गाडीची शिटी ऐकू येते, गाडी येते, थांबते, पुन्हा निघते आणि तिचा आवाज डोंगरात विरत जातो. वाफेवर चालणारी ती गाडी नाताळच्या रात्री तिथून जाण्याची ती शेवटचीच वेळ होती. त्याच स्टेशनावर फलाटावर कंदील हलवणाऱ्या स्टेशनमास्तराचा त्याचा १९५७ चा फोटोही आहे.

हे ध्वनिमुद्रणही जुळवून आणलेले होते. पण आता त्यातल्या इंजिनाच्या भकभक आवाजाकडे लक्ष द्या. दोन सिलिंडरांच्या साध्या वाफेच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात वाफ चार वेळा बाहेर पडते. प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही टोकांतून एकेकदा. या कंपनीच्या प्रवासी गाड्यांच्या ‘जे’ वर्गाच्या इंजिनांची मोठी चाके ७० इंच व्यासाची होती. म्हणजे परीघ सुमारे ५.६ मीटर. ध्वनिमुद्रणात एका सेकंदात चार भकभक मोजता आल्या तर चाक एक फेरा फिरले, गाडी ५.६ मीटर पुढे गेली. तिचा वेग झाला ताशी साधारण २० किलोमीटर. स्टेशन सोडल्यावर गाडीने किती वेळात किती वेग घेतला याचा आलेखसुद्धा असा आवाजावरून काढता येईल. लिंकला फक्त एक रात्र जपायची होती. आलेखाचा पुरावा त्याने न ठरवताच मागे ठेवला.

आता उलटतपासणी

लिंकचा सर्वांत गाजलेला फोटो २ ऑगस्ट १९५६ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या येगर गावचा आहे. मोटारीत बसून सिनेमा पाहायचे उघडे मैदान, पडद्यावर विमान, पुढे मोटारीत बसलेले एक तरुण जोडपे आणि मागून पांढरी वाफ सोडत धडधडत जाणारी मालगाडी. मोटार, विमान आणि रेल्वे, वाहतुकीची तीन युगे एका चौकटीत!

पण खरे काय होते? जोडपे लिंकने आणून बसवले होते. मोटार लिंकची स्वतःची होती. आणि पडद्यावरचे विमान त्या निगेटिव्हवर नव्हतेच. इतक्या फ्लॅशच्या प्रकाशात पडदा कोरा पांढरा उमटला. विमानाचे चित्र लिंकने दुसऱ्या निगेटिव्हवरून छापताना त्यात बसवले. संगणकावर फोटो जोडण्याच्या कितीतरी वर्षे आधीची ही गोष्ट.

मग हा फोटो खोटा म्हणायचा का? ‘त्या क्षणी पडद्यावर हेच विमान दिसत होते का’ असे विचारले तर त्याची साक्ष निरुपयोगी आहे. ‘येगरला रुळांच्या कडेला असे मैदान होते का, तिथे वाफेची मालगाडी धावत होती का, त्या वर्षीच्या मोटारी कशा होत्या’ असे विचारले तर साक्ष पक्की आहे. साक्षीदार तोच, उत्तरे निराळी, कारण प्रश्न निराळे. जुन्या बखरी आपण अशाच वाचतो. लढाईत सैन्य किती होते यावर बखरकाराचा शब्द प्रमाण मानत नाही, पण त्या काळी हत्याराला काय म्हणत हे त्याच्याकडूनच शिकतो.

चौकटीत जे नाही तेही विचारायला हवे. वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरजवळची भाजून काढणारी उष्णता, काजळीने काळे झालेले वाळत टाकलेले कपडे, इंजिन शेडमधले जिवावरचे काम फोटोत येत नाही. आणखी एक मोठी गोष्ट आहे. दक्षिणेकडच्या या राज्यांत गोरे आणि काळे प्रवासी यांना वेगवेगळे बसवण्याची पद्धत कायद्याने चालत आली होती. राज्याबाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या बाबतीत ती थांबवण्याचा आदेश संबंधित केंद्रीय आयोगाने नोव्हेंबर १९५५ मध्ये दिला आणि १० जानेवारी १९५६ पासून तो लागू व्हायचा होता. म्हणजे लिंक तिथे फोटो काढत असतानाच हे घडत होते. पण त्याच्या गाजलेल्या फोटोंचा हा विषय नाही. त्याला एका जाणाऱ्या जगाचा निरोप घ्यायचा होता आणि निरोप घेताना माणूस उणेदुणे काढत नाही. इतिहास शिकणाऱ्याला मात्र ते काढावे लागते. त्या जुन्या स्टेशनाच्या बाकावर कोणाला बसता येत होते, हा प्रश्न फोटो स्वतःहून सांगत नाही. तो आपण दुसऱ्या कागदपत्रांना विचारायचा असतो.

राहिले काय?

या कामासाठी लिंकला कोणी पैसे दिले नव्हते. जाहिरातीच्या कामातून मिळवायचे आणि बल्ब, फिल्म, प्रवास यांवर घालायचे, असे त्याने सुमारे वीस खेपांत केले. त्याच्याकडे जवळजवळ २,४०० निगेटिव्ह जमल्या. बराच काळ त्यांना फारसे कोणी विचारले नाही. १९८० च्या दशकात प्रदर्शने भरली, १९८७ मध्ये पुस्तक निघाले आणि लोकांना त्यांची किंमत कळली. लिंक ३० जानेवारी २००१ रोजी वारला. जानेवारी २००४ मध्ये रोआनोकच्या जुन्या प्रवासी स्टेशनाच्या इमारतीत त्याच्या छायाचित्रांचे संग्रहालय सुरू झाले.

आपल्याकडेही असा काळ येऊन गेला आहे. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे पुढे कुर्डुवाडीहून एकीकडे लातूर आणि दुसरीकडे पंढरपूर-मिरज अशी पसरली. रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. पंढरीच्या वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या त्या गाडीने गेल्या. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपास हे सारे मार्ग रुंद झाले. अरुंद रूळ गेले आणि त्यांच्याबरोबर जुनी स्टेशनेही बदलली. त्या भागातल्या घराघरांत गाडीसमोर, फलाटावर, पाण्याच्या टाकीखाली काढलेले फोटो आजही ट्रंकेत असतील. त्यांच्या मागे बहुधा काहीच लिहिलेले नसेल.

वर्गात असा एखादा जुना फोटो आणा. मुलांना आधी तो पाच मिनिटे नुसता पाहू द्या. मग तीन प्रश्न विचारा. हा कोणी, कशासाठी काढला? यात मुद्दाम ठेवलेले काय आहे आणि चुकून आलेले काय? आणि यात असायला हवे होते पण दिसत नाही, असे काय? दुसऱ्या प्रश्नावर मुले सर्वांत जास्त रमतात. पाठीमागच्या पाटीवरचे भाडे, कोपऱ्यातली बादली, सिग्नलची तार यांतून बरेच काही निघते. जवळच्या स्टेशनाचे आजचे फोटो काढायचे असतील तर स्टेशनमास्तरांना आधी विचारावे, रुळांकडे जाऊ नये आणि घरी आल्यावर तारीख, जागा आणि फोटोतल्या माणसांचे काम लगेच लिहून ठेवावे. लिंकच्या फोटोंना आज साक्ष म्हणून जी किंमत आहे ती काही अंशी अशा नोंदींमुळेच आहे. कोणते गाव, कोणता दिवस, कोणती गाडी हे आपल्याला ठाऊक आहे, म्हणून बाकीचे प्रश्न विचारता येतात.